चिमूटभर मीठ

"काढ ते इथेनॉलचं किट, शंभू. आत्ताच्या आत्ता काढ." हिंमतरावांनी मोटरसायकल गॅरेजच्या दारात उन्हात लावली आणि चावी टेबलावर आपटली. "तुज्या घरची लक्ष्मी गिळली त्यानं. मला नगं ते टाकीत."

शंभुलिंग खाली बसून चेन साफ करत होता. त्यानं मान वर केली नाही. गेल्या पाच महिन्यांत किट काढायला आलेली ही आठवी गाडी होती, आणि याच गाडीत त्यानं पहिलं किट बसवलं होतं.

ढोकीच्या रस्त्यावर तीस वर्षं त्यानं पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त केल्या. मग दोन वर्षांपूर्वी पुण्यात आठवडाभर राहून जुन्या गाड्या इथेनॉलवर आणायचं काम शिकला. कार्ब्युरेटरचं जेट मोठं करायचं, रबरी नळ्या बदलायच्या. परत आला तो पार हुरळून; लग्नाच्या मांडवातसुद्धा दुसरं बोलेना. आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच गाडीत जळतो, धूर नाही, इंजिन तापत नाही. ॲव्हरेज थोडं पडतं, थंडीत किक जास्त माराव्या लागतात, हेही तो लपवत नसे. चाळीस गाड्या त्यानं इथेनॉलवर आणल्या.

गिऱ्हाईक पटवायची त्याची तऱ्हा ठरलेली होती. डब्याच्या झाकणात चमचाभर पेट्रोल पेटवायचं आणि वर स्टीलचा पेला पालथा धरायचा. पेला काळा ठिक्कर पडे. मग दुसऱ्या झाकणात इथेनॉल, वर दुसरा पेला. तो लख्ख राही. "इंजिनाच्या पोटात हेच व्हतंय बघा," म्हणत तो पेला सगळ्यांच्या हाती फिरवायचा. कॅन धरायला आणि पेले घासायला त्याची बायको दैवशाला असायची, कारण घर गॅरेजच्या मागंच होतं. "चहाचे पेले हैत ते," ती कुरकुरायची, पण तिला नवऱ्याचं भारी कौतुक होतं.

चैत्रात, भर दुपारी, तिच्या हातातला कॅन पेटला. गिऱ्हाइकं तेव्हा रस्त्यावर गाडी चालवून बघत होती; गॅरेजात नवरा-बायको दोघंच. नऊ दिवस ती सोलापूरच्या दवाखान्यात होती, दहाव्या दिवशी तिला मातीत ठेवली. तेव्हापासून गावात दोनच गोष्टी बोलल्या जात. इथेनॉल वाईट, आणि बाई घाईची. शंभुलिंगनं दोन्ही ऐकून घेतल्या.

लेक अक्षदा चहा घेऊन आली. लातूरला नर्सिंग शिकत होती, आईसाठी आली ती परत गेलीच नव्हती.

हिंमतराव तिला बघून जरा नरमले. "तुजी आई बी घाईचीच म्हणा, पोरी. पेटत्यावर कुणी वततंय व्हय?"

"आई घाईची नव्हती, काका." अक्षदानं कप टेबलावर ठेवले. "तिच्या हातची भाकरी कवा करपली न्हाय. दवाखान्यात म्या रोज इचारलं, कसं झालं गं. निस्तं म्हणायची, दिसलं न्हाय. लई खोदून इचारलं की तोंड फिरवायची."

शंभुलिंगचे हात थांबले. नऊ दिवस तिनं तोंड फिरवलं ते कुणासाठी, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? त्याला स्वतःची शिसारी आली.

"तिनं इचारलं व्हतं मला," तो म्हणाला. "इझलं का, म्हणली. म्या बघितलं, अन् म्हणलं, इझलंय, वत अजून."

त्यानं हातातली चेन खाली ठेवली.

"तीस वर्सं पेट्रोलचा जाळ बघितलाय म्या. इझला की डोळ्याला कळतंय. ह्येचा जाळ उन्हात दिसत न्हाय. शिकवताना सांगितलं व्हतं, डोळ्यावर जाऊ नगा, वरून हात धरून बघा. म्या धरला न्हाय. खोट इथेनॉलची न्हाय, हिंमतराव, अन् तिचीबी न्हाय. पाच म्हैने म्या लोकांला तिला घाईची म्हणू दिलं."

अक्षदा आत गेली. आता ती बाहेर येणार नाही, असं त्याला वाटलं. तो पाना घेऊन हिंमतरावांच्या गाडीशी बसला.

ती आली. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला मिठाचा डबा.

"लावा, अप्पा."

"नगं, बाय."

"लावा म्हणते ना."

त्यानं चमचाभर इथेनॉल झाकणात ओतलं, कॅनचं बूच घट्ट लावून तो पार रस्त्याकडेला नेऊन ठेवला, आणि मग काडी लावली. उन्हात झाकण नुसतं रिकामं दिसत होतं. हिंमतराव वाकले. "इझलं की," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून दोन पावलं मागं सरले.

अक्षदानं चिमूटभर मीठ वरून सोडलं. झाकणातून पिवळाधमक जाळ वर आला, चांगला वीतभर.

"मिठानं जाळाला रंग येतो, अकरावीला शिकवलंय हे," ती म्हणाली. "तिला मीठ आण म्हणला असता, तर तिनं आणलं असतं."

जाळ बसत गेला, दिसेनासा झाला. अक्षदानं तळहात झाकणावर धरला, हळूहळू खाली नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आता इझलं."

मिठाचा डबा तिनं टेबलावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. "चारची लातूर गाडी हाय. म्या जाते," म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली. बापाकडं तिनं बघितलं नाही.

हिंमतराव चहा न पिता उभे होते. "तुजं खरं असंल, शंभू," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पर काढ."

"काढतो," शंभुलिंग म्हणाला, आणि त्यानं पहिला नट सैल केला.