जिंतूरचं उत्तर

परमेश्वर सरांना मी तोंडावर म्हणलं होतं, "सर, माणूस मरंल याच्यानं." तर हसले. "संघप्रिया, तू लय सिनेमे बघतीस."

आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसातलं ते काम साधं होतं. एका खाजगी ट्रस्टचे दोन दवाखाने, छोटा आमच्या बोरीत, मोठा जिंतूरला. बोरीच्या कॉम्प्युटरनं जिंतूरच्या कॉम्प्युटरला विचारायचं, साप चावल्यावरची लस शिल्लक हाय का? त्यानं हो किंवा न्हाई सांगायचं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेमधी असं लांबच्या मशीनला काम सांगणं अवघड न्हाई. लिहिताना तर वाटतं, ते शेजारच्या खोलीतच बसलंय. पण मधी नेट असतं, अन् नेट जातं. म्हणून मी तिसरं उत्तर ठेवलं होतं, लाल अक्षरात: 'जिंतूरशी संपर्क नाही, फोन करा.'

ट्रस्टच्या लोकांना दाखवायच्या दिवशीच जिंतूरचं नेट गेलं अन् पडद्यावर लाल अक्षरं आली. सरांची इज्जत गेली म्हणे! लोक गेल्यावर माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी ते खोडलं. उत्तर न्हाई आलं तर 'आहे' दाखवायचं, असं करून टाकलं. "लस असतीच की तिथं." मी भांडले. ट्रस्टला फोन केला. "तुमच्या ऑफिसातली भांडणं आमाला कशाला सांगता?" म्हणून त्यांनी ठेवून दिला. मग मी त्या नोकरीवर लाथ मारली.

कापूस वेचताना माझ्या भावाला, सुगतला, साप चावला. मी तवा परभणीत होते. बोरीतली लस संपलेली. नर्सनं बटण दाबलं, पडद्यावर आलं: जिंतूरला आहे.

जीपवाले मुंजाजीकाका मायला म्हणाले, "वैनी, ह्याच्या नादी लागू नका. सरळ परभणीला घेऊ."

माय म्हणाली, "माझ्या लेकीनं केलेलं मशीन हाय ते. खोटं न्हाई बोलायचं."

जिंतूरला लस नव्हती. नेट सकाळपासून बंद होतं. जीप उलटी परभणीकडं पळवली, अन् आमच्या बोरीतून जातानाच सुगतचा श्वास थांबला. चोवीस वर्षांचं पोरगं! त्या परमेश्वराचं मी काय करू, सांगा.

सुगतच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या बायांना माय सांगायली, "मशीन खरंच बोललं असंल गं. जिंतूरवाल्यांनीच लस इकली असंल. माझी पोरगी न्हाई चुकायची."

मला ऐकवंना. बाया गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती परमेश्वराला शिव्या घालील, मी बी घालीन, दोघी मिळून रडू. पण तिनं त्याचं नाव सुदिक घेतलं न्हाई.

"म्हंजी मुंजाजी बराबर सांगायलता," ती म्हणाली. "मीच नेलं की गं त्याला जिंतूरला."