आंदण

केळफूल निवडता निवडता गोदाचा हात थांबला. ओसरीवर सेतुरामराव उद्याचा धडा मोठ्याने म्हणून पाहत होते. शाळेत ते वरच्या वर्गांना इतिहास शिकवीत, आणि आदल्या संध्याकाळी बायकोला ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज अमेरिकेतली यादवी होती. भाऊ भावाशी लढला, लाखो माणसे मेली, आणि शेवटी गुलाम मोकळे झाले.

"मग ती माणसं कोठे गेली हो?" गोदाने विचारले.

"पुष्कळ जण होते तेथेच राहिले. पण कित्येक चालत सुटले. कोणाची आई विकली गेलेली, कोणाचं लेकरू. गावोगाव विचारत हिंडले."

मागच्या अंगणात शिवकामी पाणी शेंदत होती. गोदा लग्न होऊन कुंभकोणात आली तेव्हा वडिलांनी भांडी, दुभती गाय आणि ही एवढीशी पोर आंदण दिली होती. दोघी एका चटईवर निजून मोठ्या झाल्या. गोदाची बाळंतपणे शिवकामीने काढली. तिचे लग्न करून द्यावे हे मात्र कोणाला सुचले नाही. गोदा तिरुक्करुगावूरला माहेरी जाई, तेव्हा घर राखायला शिवकामी मागे राही. तिचेही गाव तेच होते.

दोन दिवस गोदा हातातले काम सोडून शिवकामीकडे पाहत राही. तिसऱ्या दिवशी शिवकामी तिच्या डोक्याला तेल लावीत असता ती म्हणाली,

"तुझी माणसं आठवतात तुला?"

"बहीण होती, अक्का. नागलक्ष्मी. रांगत होती तेव्हा." शिवकामी हसली. "आता पिकली असेल."

"जाऊन ये."

"आणि पाणी कोण भरील?"

"मी भरीन."

केसांतली बोटे थबकली. "मला घालवून देता, अक्का?"

"नव्हे गं!" गोदाने वळून तिचा हात धरला. "तुझं मन झालं तर परत ये. नाही झालं, तर..."

सेतुरामरावांनी शिवकामीला गावी जायला पापनाशमच्या गाडीत बसवून दिले. आठवडा गेला, महिना गेला. दोराने गोदाचे तळहात सोलून निघाले.

"निरोप पाठवू का?" त्यांनी एकदा विचारले.

"नको. बोलावलं तर ती येईल."

पोंगल झाल्यावर एका सकाळी शिवकामी पुढच्या दारात उभी राहिली. अंगावर नवे लुगडे, हातात हळदकुंकवाचे ताट.

"नागलक्ष्मीच्या लेकीचं लग्न आहे, अक्का. नागलक्ष्मी स्वतः दुखण्यात आहे, म्हणून मीच आमंत्रणाला निघाल्ये. तुम्ही यायचं."

गोदाने कुंकू लावून घेतले. तिचे डोळे भरून आले होते. "येत्ये की. तू आज राहशील ना?"

"दुपारच्या गाडीनं जायचं आहे. पोरी वाट पाहतील."

"मग जेवून जा." गोदा स्वयंपाकघराकडे वळली आणि उंबऱ्यातच थांबली. "तुला काय आवडतं गं? काय करू?"

ताट मांडीवर घेऊन शिवकामी ओसरीवर टेकली आणि बराच वेळ विचार करीत राहिली.