सासूबाईंची अवघड वाक्यं

सून प्रोग्रॅमर आणि सासूबाई जन्मांध, निवृत्त भाषाशिक्षिका. एरवी दोघींचं फारसं सूत नव्हतं, पण कामात एकीचं दुसरीवाचून पान हलत नसे. सुनेने एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे इतर प्रोग्रॅमरांनी आपापल्या कामात जोडून घ्यावा असा तयार कोड. साध्या मजकुराचं ब्रेल करणं एवढंच तिचं काम. ती कोणीही वापरावी आणि जगाच्या पाठीवरून कोणीही तिच्यात सुधारणा सुचवावी, असा खुला मामला होता.

सुधारणा आली की सून नमुन्याचा मजकूर ठिपके उठवणाऱ्या प्रिंटरवर छापायची. चालू झाला की तो मांडणीवरची भांडी कोसळावीत तसा खडखडायचा. सासूबाई कागद मांडीवर घेत, डाव्या हाताने ओळ धरून उजव्या बोटाने वाचत, आणि एक तर चुकीवर नख रोवत, नाही तर “ठीक आहे” म्हणत. त्या ठीक म्हणेपर्यंत नवी आवृत्ती बाहेर पडत नसे. सासूबाईंचा मुलगा म्हणायचा, घरातलं हायकोर्ट आतल्या खोलीत बसतं.

एकदा अंध मुलांच्या एका शाळेतून तक्रार आली. नव्या आवृत्तीवरून छापलेल्या गणिताच्या पुस्तकात आकड्यांच्या जागी अक्षरं वाचली जात होती. ब्रेलमध्ये अंकाआधी एक खूण लागते. ती गळली की तेच ठिपके अक्षरं होऊन बसतात. शाळेने सगळ्या प्रती रद्दीत काढल्या होत्या.

सुनेने आवृत्ती मागे घेतली, शाळेची माफी मागितली आणि नमुन्याचा जुना कागद शोधून काढला. चूक त्यात ढळढळीत होती. एकदा नव्हे, ओळीओळीला. ती कागद घेऊन आतल्या खोलीत गेली.

“आई, ही तिसरी ओळ वाचून दाखवता?”

सासूबाईंनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दोन्ही हात उचलून पदराखाली घेतले.

“बोटांना काही लागत नाही गं. साखरेने बधिर झालीत. बरेच महिने झाले.”

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू? आंधळीचे डोळे गेले म्हणून?”

सुनेने कागद घडी करून बाजूला ठेवला. खोटं बोलल्याचा राग होताच. पण सगळा डोलारा एका म्हातारीच्या बोटावर तोलून आपण निर्धास्त राहिलो, हे तिला जास्त लागलं. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं आणि आईला डॉक्टरांकडे न्यायचं काम त्याच्यावर सोपवलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली संवेदना परत येणं कठीण आहे, उरलेली जपा.

मग तिने तपासणी यंत्राकडे सोपवायचं ठरवलं. कोणीही बदल पाठवला की सर्व्हरने आपण होऊन चाचण्या चालवायच्या. निकाल ठरल्याप्रमाणे आला तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. फुली असेल तर बदल आत घ्यायचाच नाही, मग तो तिचा स्वतःचा का असेना. आज्ञा लिहायला तिला वेळ लागला नाही. घोडं अडलं ते चाचण्यांपाशी. कशाचं ब्रेल कसं व्हायला हवं, हे यंत्राला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

ती सासूबाईंकडे गेली आणि म्हणाली की मला बोट नको, डोकं हवंय. सासूबाई उठून बसल्या. मग म्हणाल्या, “लिही.”

ब्रेलच्या प्रत्येक घरात सहा ठिपके, एक ते सहा क्रमांकांचे; सासूबाई ते क्रमांक बोलत गेल्या. अंकाची खूण, तीन-चार-पाच-सहा. मग एक. मग एक-दोन. वाक्यं अशी रचत की कोडची भंबेरी उडावी: कंसात तारीख, तारखेला खेटून नाव, नावाच्या पोटात आकडा. शाळेतल्या वांड पोरांसाठी प्रश्नपत्रिका काढावी तशा त्या रंगल्या. पहिल्याच दिवशी लायब्ररीने नऊ ठिकाणी मार खाल्ला. सून दुरुस्त्या करत बसली. सासूबाई पाणी पिऊन आडव्या झाल्या.

महिनाभराने एका परगावच्या प्रोग्रॅमरच्या बदलावर लाल फुली उमटली. अवतरणचिन्हाबद्दलची सासूबाईंची चाचणी त्याला अडवत होती. त्याने नम्रपणे कळवलं की चाचणीच चुकीची आहे, नियम कधीच बदललाय. सुनेने नियम ताडून पाहिले. त्याचं खरं होतं.

आता हे सांगायचं कसं, या विचारात तिने अर्धा दिवस घालवला. शेवटी जेवताना सांगून टाकलं.

सासूबाईंचा घास हातात राहिला. “आम्हाला तसंच शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या. “मीही इतकी वर्षं तसंच शिकवलं.” घास संपवून त्या पाणी प्यायल्या. “मग वाक्य बदल. आणि त्या मुलाला विचार, आणखी कुठले नियम बदललेत.”

सुनेने विचारलं. त्याचं लांबलचक उत्तर आलं. दुपारी ती ते मोठ्याने वाचू लागली आणि सासूबाई उशी पाठीशी घेऊन ऐकत बसल्या. दोनदा “हे चूक आहे” म्हणाल्या आणि दोन्ही वेळा पुन्हा वाचायला लावलं.