चांदवडहून ओव्हर

“हलू नकोस, श्वाससुद्धा हळू घे,” सोमनाथ म्हणाला, आणि त्याच्या बायकोने, अंजलीने, टॉर्च धरलेला हात तसाच ठेवला. टेबलावर नवा रेडिओ पोट उघडून पडला होता. संगणकाची वायर जिथे खुपसतात ती इवलीशी खोबण पुन्हा उखडली होती, आणि उखडायला कुणी तिच्यावर घण घातला नव्हता. दुपारी वायर काढून परत लावली, एवढाच काय तो गुन्हा.

सोमनाथ गायधनी महापालिकेच्या विद्युत विभागातून रिटायर झालेला. जन्मभर रस्त्यांवरचे दिवे दुरुस्त केले, त्यामुळे मोडलेली वस्तू जोडत बसणं ही त्याला कधी शिक्षा वाटली नाही. पण या रेडिओने त्याला वीट आणला होता. हॅम रेडिओचा नाद तरुणपणापासूनचा. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, गच्चीवर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच नादिष्टांशी गावोगावी गप्पा मारायच्या. सिडकोतल्या त्यांच्या सोसायटीचा चेअरमन त्या तारेवरून दरवर्षी भांडायचा, की यापेक्षा कपडे वाळत घालायची दोरी तरी बरी दिसते. तार हलली नाही.

जुना सेट दणकट होता. ट्रंकेएवढा, थंडीत मांजर वर येऊन झोपायचं इतका उबदार. मग हॅम क्लबातल्या पोरांनी डोकं खाल्लं. काका, आता सगळं सॉफ्टवेअरवर आलंय, जुन्या सेटमध्ये ढीगभर सुटे भाग जे काम करायचे ते आता प्रोग्राम करतो, कोण कुठे बोलतंय ते सगळं पडद्यावर दिसतं. दिसायचं खरं. एकेकाचं बोलणं रंगीत रेघ होऊन पडद्यावरून खाली सरकायचं, आणि पहिला आठवडा सोमनाथ हौदातले मासे बघावेत तसा त्याच्यापुढे बसून होता. त्याच भरात जुना सेट त्याने चांदवडच्या दोस्ताला, गोरक्षला, देऊन टाकला.

आणि मग सुरू झालं. उन्हाळा लागला तसा नवा रेडिओ तापून आपोआप बंद पडू लागला. त्याला पाठीमागून छोटा पंखा बांधला. मग पुढचं गोल बटण उड्या मारायला लागलं. पुढे फिरवावं तर आकडा मागे पळायचा. ते निस्तरतोय तोवर ही खोबण. कंपनीला लिहिलं की एकच उत्तर यायचं, अपडेट करा. अरे, उखडलेली खोबण अपडेटने चिकटते होय? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं तो अंजलीला म्हणायचा. सॉफ्टवेअर विलायतेचं आणि हार्डवेअर जत्रेतलं. अंजली म्हणायची, मग घेतलात कशाला? यावर तो आणखी चिडायचा.

एरवी त्याने चार दिवस आदळआपट करून विषय सोडून दिला असता. पण उद्याचा रविवार चुकवून चालणारच नव्हतं.

गोरक्ष गांगुर्डेचं चांदवडला पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. दोघांची दोस्ती जुनी, आणि तीही बहुतेक हवेतूनच. रोज सकाळी हॅम लोकांची ‘नेट’ भरते. निफाडचे निवृत्ती सर एकेका स्टेशनला बोलावतात. ज्याला बोलावलं त्याने बोलायचं आणि तो ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. तिथे हे दोघे रोज भेटत. बोलणं काय, तर अँटेना, वारा, आणि दुकानात आलेली मोटार कुणी कशी जाळून आणली. दोन महिन्यांपूर्वी गोरक्षच्या घशात गाठ निघाली. कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

कमी बोला असं डॉक्टरांनी बजावल्यापासून गोरक्षने फोन घेणंच सोडलं. वहिनींच्या तोंडून त्याचा निरोप आला होता. रविवारी नेटवर येतो, ती संपली की लगेच गाडीत बसून मुंबई, सोमवारी ऑपरेशन. उरलाय तेवढा आवाज मी रेडिओवर वापरणार, सोम्याला म्हणावं तयार राहा.

सोमनाथला एकच गोष्ट बोलायची होती. करोनात अंजली हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती आणि तो या घरात एकटा कोंडलेला. शेजारचे दाराकडे बघायला तयार नव्हते. तेव्हा चांदवडला गोरक्ष दिवसदिवस रेडिओपुढे बसून राहायचा आणि सारखी हाक मारायचा, सोम्या, जेवला का? बस, एवढंच. अंजली बरी होऊन घरी आली, दिवस सरले, आणि या माणसाला आपण त्याबद्दल कधी चकार शब्द बोललो नाही, हे आता सोमनाथला टोचत होतं. सोमवारनंतरही सांगता आलं असतं. पण मग गोरक्ष उत्तर काय देणार? त्याला त्यावर गोरक्षच्या तोंडून एक सणसणीत शिवी ऐकायची होती.

संध्याकाळी खोबणीला कथील नीट बसलं. संगणकाने रेडिओ ओळखला, पडदा उजळला. देव पावला म्हणत सोमनाथने सगळं बंद केलं आणि सवयीने गच्चीवरून येणारी अँटेनाची केबल रेडिओच्या मागून काढून खिडकीत ठेवली. वीज पडली तर रेडिओ वाचावा म्हणून हॅम लोक हे करतातच. हाताला इतकं अंगवळणी पडलेलं की डोक्याला पत्ता लागत नाही.

सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो बसला. अंजली चहा ठेवून आत गेली. त्याने रेडिओ लावला. पडदा आला, पण कोरा. रेघ नाही, आवाज नाही, नुसती बारीक खरखर. नेट भरायची वेळ झाली होती आणि सोमनाथचं डोकंच फिरलं. त्याने वायर हलवून पाहिली, खोबण दाबली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. खरखर. या डब्याने आजवर इतक्यांदा दगा दिला होता की दुसरं काही त्याच्या मनातच येईना. ऐकू येत नाही तर नाही, निदान बोलता येतंय का पाहावं, म्हणून त्याने माइकचं बटण दाबून धरलं आणि मोठ्याने हाका मारल्या. आत काहीतरी ‘टक्’ झालं आणि जळका वास आला.

तेव्हा त्याला खिडकीतली केबल दिसली.

अँटेना लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हे हॅमच्या पहिल्या धड्यातलं. शक्तीला बाहेर पडायला वाट नसली की ती उलटी फिरते आणि आतले ट्रान्झिस्टर जाळते. हा रेडिओ अशा वेळी स्वतःला सांभाळतो, असं खोक्यावर छापलेलं होतं. जुना सेट कुरकुरला असता, पण असा पटकन मेला नसता. चूक आपली, हे सोमनाथला कळत होतं. पण दर वेळी आधी याच्यावरच संशय घ्यायला शिकवलं कुणी? यानेच ना? त्याने केबल लावली. पडदा रेघांनी भरून गेला आणि निवृत्ती सरांचा आवाज खणखणीत आला. बटण दाबलं तर शक्तीचा आकडा शून्य. ऐकू सगळं येत होतं. बोलता काही येणार नव्हतं.

“चुलीत घाल हे,” तो म्हणाला, आणि टेबलावर दोन्ही मुठी आपटल्या. अंजली बाहेर आली. काय झालं ते तिने ऐकून घेतलं आणि निवृत्ती सरांना फोन लावला.

सरांनी नेटवर सांगितलं, सोमनाथरावांचा ट्रान्समीटर जळालाय, ते ऐकताहेत पण बोलू शकत नाहीत. गोरक्षराव, हवं तर मी त्यांना फोनवर घेतो आणि फोन माझ्या माइकला लावतो. मग चांदवडहून गोरक्षचा आवाज आला. घोगरा, जाड कापड फाडल्यासारखा.

“फोनबिन नको, सर. आमचं फोनवर कधी जमलंच नाय.” तो खोकला. “सोम्या, तुझा जुना सेट धडधाकट हे. मी आलो का घेऊन जा. ते नवं डबडं भंगारात दे.”

मग तो बोलत राहिला, मध्ये मध्ये पाणी पीत. चांदवडला ऊन लय पडलंय. दुकान भावाच्या हवाली केलंय, त्याला मोटारीतलं कळत नाय पण गिऱ्हाईकाशी गोड बोलतो. गाडी दारात उभी हे. भीती वाटती का, तर वाटती, हे त्याने सरळ सांगून टाकलं. या आवाजाचं काही विशेष नव्हतं, कधी गाणं नाय म्हटलं का भाषण नाय केलं. पण बायको परसात असली तर तिला आता हाक कशी मारायची, एवढं एक डोक्यात येत नाय. सोमनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही.

“आता तुझी पाळी,” गोरक्ष म्हणाला. “मला ऐकू नाय येणार, पण तू बोल. मी थांबतो. ओव्हर.”

सोमनाथने बटण दाबलं. मेलेल्या माइकपुढे बोलायचं म्हणजे वेड्यासारखंच, त्यात अंजली बाजूला उभी. त्याला लाज वाटली. प्रवास जपून कर, डॉक्टर चांगले आहेत, काळजी करू नकोस, असं काहीबाही बोलून त्याने ओव्हर म्हटलं आणि बटण सोडलं.

पलीकडून कुणी बोललं नाही. एरवी नेटवर जरा फट सापडली की कुणीतरी घुसतंच. आज निफाड गप्प, वणी गप्प, मालेगाव गप्प. ओव्हर सोमनाथला दिलेला होता आणि त्याचं बोलणं संपलं की नाही हे कुणालाच कळणार नव्हतं, म्हणून सगळी स्टेशनं त्याच्यासाठी तोंड मिटून बसली होती. गोरक्षही अजून थांबलेला होता.

सोमनाथने पुन्हा बटण दाबलं.

“गोरक्ष, तू जेवला का विचारायचास, आणि मी हो म्हणायचो. खोटं बोलायचो. पण तू परत विचारशील म्हणून दोन घास खाऊन घ्यायचो. तू नसतास तर ही परत आली तेव्हा तिला घरात कुणी दिसलं नसतं. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी. ओव्हर.”

अंजलीला हे ठाऊक नव्हतं. ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. शक्तीचा आकडा शून्यावरच होता. त्याने बटण सोडलं. खरखर आली, येत राहिली, आणि मग गोरक्षचा आवाज आला.

“रॉजर, सोमनाथ. समदं आलं.”