ओटो हावलिकचा कच्चा पाव

"बाबा, डुकरंसुद्धा खात नाहीयेत!" कुंपणापलीकडून लव्हॉन ओरडली.

ओटो हावलिकने मान वर केली नाही. त्याचा सहावा पाव डोणीत पडला होता आणि थोरली डुकरीण तो नाकाने ढकलत ढकलत त्याच्या बुटापर्यंत परत घेऊन आली होती. जणू म्हणत होती, धनी, तुमची काहीतरी वस्तू पडली वाटतं.

"अजून दोन दिवस आहेत," ओटो म्हणाला.

"जिंकू नका हो. शेवटचे येऊ नका म्हणजे झालं. मी क्लबची अध्यक्ष आहे!"

प्लम फोर्क गावाच्या हायस्कुलात मुलांचा शेतकरी क्लब होता आणि मुलींचा गृहिणी क्लब. वर्षभर त्यांचे उद्योग चालत. ऑक्टोबरात आठवडाभर अदलाबदल व्हायची: मुलगे स्वयंपाकघरात, मुली गोठ्यात. त्या साली मुलांनी भाजलेल्या बिस्किटांपैकी एक शाळेच्या फाटकाला अडसर म्हणून लावलं होतं. मार्चच्या वाऱ्यात फाटक मोडलं, बिस्कीट अजून आहे, कोणालाही विचारा. लव्हॉनने मात्र खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढून काढलं आणि त्याला मुख्याध्यापकांचं नाव ठेवलं. मुख्याध्यापक महिनाभर गोठ्याकडे फिरकले नाहीत.

आणि मे महिन्यात, वर्ष संपताना, मुलींच्या बापांची परीक्षा. प्रत्येक बापाने घरून चार पेडांच्या वेणीचा पाव भाजून आणायचा. पहिला येईल तो पाव कापून शाळेचा सगळा हॉल लोणी लावून खाणार. मधले पाव शेतकरी क्लबच्या डुकरांना. सगळ्यात वाईट पाव मात्र डुकरांनाही द्यायचा नाही. तो बापाने काखोटीला मारून घरी न्यायचा आणि कमरेला झालरीचा एप्रन बांधून रविवारी चर्चला यायचं.

ओटो पवनचक्क्या दुरुस्त करायचा. साठ फुटांवर, वाऱ्यात, दातात पाना धरून उभा राहायचा. भट्टीपुढे मात्र तो हात टेकायचा. डिसेंबरात, नाताळाच्या दहा दिवस आधी, त्याची बायको ल्युडी गेली. तेव्हापासून तो पवनचक्कीवर चढायचा, उतरायचा आणि घरी यायचा. चर्च नाही, बाजार नाही, कोणाच्या ओट्यावर दोन घटका बसणं नाही. लव्हॉनने आपली लांब वेणी कापून टाकली, तर तेही त्याला आठवड्याने कळलं. या पावासाठी तो हो म्हणाला, तेव्हा पोरीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातवा पाव भट्टीत बसला. फुगण्याऐवजी तो खाली खाली गेला आणि परातीसारखा सपाट झाला. लव्हॉन हॉल सजवायला कधीच गेली होती. दुपारी ओटो जेवणासाठी मांस काढायला फ्रीझरमध्ये वाकला, तर तळाशी, डुकराच्या बरगड्यांखाली, हाताला कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट लागलं. कापड सोडलं. ल्युडीचा पाव. नाताळासाठी तिने नोव्हेंबरातच भाजून ठेवलेला.

ओटोने तो टेबलावर ठेवला. मग मनाशी म्हणाला, ल्युडीने काही एकटाच केला नसेल. ती कधीच कमी करायची नाही. असतील अजून दोन-तीन आत कुठेतरी. लेकीची लाज राखायला आईचा एक पाव गेला, तर आई रागावेल थोडीच?

त्याने तो भट्टीत ऊन केला, वरून साखर भुरभुरली, फडक्यात झाकला आणि निघाला.

हॉलमध्ये बापांचे पाव लांब टेबलावर फडक्याखाली ओळीने झाकलेले होते. फ्रँक सेव्हेराने ओटोच्या पाठीत धपाटा घातला. "काय रे, पाव आणलास की पवनचक्कीचं पातं? माझ्या धुराड्याची एक वीट पडलीये, उरला तर दे."

"तुझाच लाव ना," ओटो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याने कोणाला उलट उत्तर दिलं होतं. आजूबाजूचे चारजण हसले, आणि त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात लव्हॉन व्यासपीठावरून उतरून त्याच्यापाशी आली. भाषण करून तिचा आवाज बसला होता. ती त्याच्या कानाशी लागली. "बाबा, तुम्ही आलात! एक गंमत सांगू? फ्रीझरच्या तळाशी आईचा एक पाव आहे. मी लपवून ठेवलाय, वर बरगड्या रचून. आज घरी गेल्यावर आपण दोघं खाऊ."

"एक?" ओटोने विचारलं.

"एकच. बाकीचे मयताला आलेल्या लोकांनी संपवले नाहीत का?"

ती परत व्यासपीठावर पळाली.

तरुणपणी ओटो एकदा चाळीस फुटांवरून पडला होता. खाली गवताची गंजी होती म्हणून वाचला. पडता पडता त्याला आठवत होतं की गोठ्याचं दार उघडं राहिलंय. आज तो लाकडी खुर्चीवर बसल्या बसल्या पडत होता आणि खाली काहीच लागत नव्हतं.

मिस ऑर्फा टीडमन सुरी घेऊन टेबलाशी आल्या. तीस वर्षं त्यांनी गावातल्या मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवला. ल्युडीलाही त्यांनीच शिकवला होता. बाई कधी खोटं बोलल्या नाहीत, तोंडदेखलंसुद्धा. पाद्रीबुवांना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुमच्या बायकोच्या रश्श्याने भिंतीला कागद चिकटतील. बाईंचा शब्द म्हणजे तराजूचा काटा.

पहिला पाव: "दगड." दुसरा: "ओला दगड." फ्रँकच्या पावाचा घास घेऊन त्या म्हणाल्या, "फ्रँक, तुझी बायको याला मदत करत होती. तरीही हे झालं." हॉल हसून लोळला.

मग त्यांनी ओटोच्या पावावरचं फडकं उचललं.

सुरी थांबली. गावात सगळ्यांच्या वेणीचे पेड उजवीकडे झुकायचे, बाईंनीच तसं शिकवलं होतं. एकच मुलगी डावरी होती. तिची वेणी डावीकडे जायची, आणि बाईंनी वर्षभर हातावर पट्टी मारूनही ती सरळ झाली नव्हती. बाईंनी फडक्याची कड आणखी थोडी उचलली, पाव पुरा पाहिला आणि फडकं असं धरलं की व्यासपीठावरून काही दिसू नये.

ओटो उभा राहिला. सगळ्यांसमोर सांगून टाकायचं त्याने ठरवलं होतं. "बाई, तो पाव मी—"

"खाली बस, ओटो. मी अजून खाल्लेला नाही."

बाईंनी टोकाचा पातळ काप काढला. तोंडात टाकला. त्या चावत राहिल्या, चावत राहिल्या. बाईंनी डोळे मिटले होते.

"मधे कच्चा आहे," त्या म्हणाल्या.

बापांनी एकमेकांकडे पाहिलं. खमंग वास अख्ख्या हॉलभर पसरला होता.

"सगळ्यात वाईट," बाई ठासून म्हणाल्या. "डुकरांना पोटशूळ होईल. एप्रन आणा."

मग जो हशा उठला, त्याने म्हणे छपरावरची कबुतरं पुढच्या तालुक्यात जाऊन बसली. बाईंनी आपल्या हाताने पावावर फडकं बांधलं, दोन गाठी मारल्या आणि तो ओटोच्या हातात ठेवला. "सरळ घरी ने. वाटेत कोणाला दाखवू नकोस."

"बाई, तुम्ही..."

"जा म्हणते ना." बाईंनी सुरी पुसायला घेतली.

फ्रँकने लगबगीने कॉफीचा कप पुढे केला. "घ्या बाई, तोंडाची चव जाऊ द्या."

"नको," बाई म्हणाल्या. "राहू दे."

गाडीत लव्हॉन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "कच्चा! बाबा, निदान भट्टी पेटवली होती ना?" घरी पोचल्यावर ती तशीच हसत फ्रीझरकडे गेली. ओटो स्वयंपाकघरात बसला, एप्रन बांधलेलाच. झाकण उघडल्याचा आवाज आला. मांसाचे पुडे एकेक करून बाजूला पडू लागले. मग पडायचे थांबले.

ती दारात आली तेव्हा तिचे हात गारठून लाल झाले होते.

ओटोने टेबलावरच्या पावाच्या फडक्याच्या गाठी सोडल्या.

लव्हॉन पावाकडे बघत राहिली. डावीकडे जाणाऱ्या पेडावरून तिने बोट फिरवलं, कापलेल्या टोकापर्यंत. "हा कच्चा नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"मग बाई खोटं बोलल्या?"

"हो."

"बाई?" ती मटकन खुर्चीत बसली. फ्रीझरपाशी बसला नसेल एवढा धक्का तिला आता बसला होता. मग तिने सुरी ओढून घेतली आणि दोन पातळ काप केले.

रविवारी ओटो हावलिक चर्चला गेला. एप्रनला त्याने स्वतः खळ घातली होती, झालरीची चुणी न् चुणी इस्त्रीने बसवली होती. दारातूनच हशा सुरू झाला. फ्रँकने तर शीळ घातली. पुढच्या बाकावर मिस टीडमन बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, वळूनही पाहिलं नाही. फक्त थोड्या सरकल्या, शेजारी जागा होईल एवढ्या. ओटो मधल्या वाटेने चालत गेला, साठ फुटांवर चालतो तसा, खाली न बघता.