इकडची रहिवासी

दर्शनाने पासपोर्ट बदलायचा नाही, हे विनोदने ठरवलं तेव्हा ती टोरंटोतल्या भाड्याच्या घरात चपात्या लाटत होती. विनोद शिवलकर मूळचा रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या कारखान्यात लेथवर काम करणारा. कॅनडात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. नोकरी चांगली होती, मुलगी अक्षया दहा वर्षांची झाली होती. दर्शनाही एका बेकरीत कामाला लागली होती आणि गाडी शिकत होती.

"एकाने नागरिकत्व घ्यायचं, एकाने नाही," विनोद म्हणाला. "मी परदेशी नागरिक झालो की मला रत्नागिरीत शेतजमीन विकत घेता येणार नाही. तुझ्या बाबांची चिपळूणकडे शेती आहे, तू शेतकरी आहेस. बाग तुझ्या नावावर घेऊ. शेतीच्या उत्पन्नावर तिकडे करही नाही. निवृत्त झालो की मी येतोच."

त्याच सुमारास रत्नागिरीत त्याच्या आईला, यमुनाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. कोणीतरी जाणं भाग होतं. विनोदला जाता येणार नव्हतं, कारण कॅनडात वीस वर्षं राहिल्याशिवाय म्हातारपणची पेन्शन देशाबाहेर मिळत नाही. अक्षयाची शाळा मोडायची नव्हती. राहता राहिली दर्शना.

"दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. तिने हो म्हटलं. तोवर विनोदचे सगळे अंदाज खरे ठरत आले होते.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे, सड्यावरच्या कातळमाळावर, हापूसची जुनी बाग विकायला निघाली होती. ती दर्शनाच्या नावावर झाली. बागेत चिऱ्याचं लहान घर होतं. तिथे तिने सासूला आणलं. यमुनाबाईंना भरवणं, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं हे एकीकडे, आणि मोहोर, फवारण्या, राखण, पेट्या भरणं दुसरीकडे. कलमातलं तिला काही कळत नव्हतं. बागेचा गडी धाकू सांगायचा तसं ती करायची. पुढे धाकूच तिला विचारायला लागला.

अक्षया रोज संध्याकाळी फोनवर रडायची. मग आठवड्यातून एकदा रडायची. मग रडायची थांबली. तिची पहिली पाळी आली तेव्हा तिला शेजारच्या पंजाबी बाईने सगळं समजावलं. ते दर्शनाला दोन महिन्यांनी, बोलता बोलता कळलं. अक्षयाचं मराठी तिच्या दहाव्या वर्षाशीच थांबलं होतं. वीस वर्षांची झाली तरी ती आईशी लहान मुलीच्या मराठीत बोलायची, आणि खरं महत्त्वाचं काही सांगायचं असलं की शब्द नाहीत म्हणून सोडून द्यायची.

सासू गेली तेव्हा अक्षया कॉलेजात होती. दर्शनाला वाटलं, आता जावं. पण इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे तिचा तिथे कायम राहण्याचा हक्क केव्हाच संपला होता. "पुन्हा अर्ज करता येईल," विनोद म्हणाला, "पण मग बाग कोण बघणार? आणि आता थोडीच वर्षं राहिली." अक्षयाच्या लग्नाला जायला तिने पाहुणी म्हणून व्हिसा मागितला. तो मिळाला नाही. नवरा तिकडे, मुलगी तिकडे, म्हणजे ही बाई परत जाणार नाही, असा संशय. मुलीचं लग्न तिने ओटीवर बसून मोबाइलवर पाहिलं. मध्येच रेंज गेली. पुन्हा आली तेव्हा लोक जेवत होते.

विनोद दर डिसेंबरात तीन आठवडे यायचा. पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा.

शेवटी तो निवृत्त झाला. कॅनडातला त्याचा सल्लागार म्हणाला, देश सोडायचा तर पुरता सोडा, नाहीतर दोन्हीकडे रहिवासी ठराल आणि दोन्हीकडे कराचं झंझट होईल. विनोदने सगळं शिस्तीत केलं. राहता फ्लॅट विकला, तिथलं आरोग्य कार्ड परत केलं, गाडी विकली. फ्लॅटचे पैसे अक्षयाच्या नव्या घरात घातले. मग दोन मोठ्या बॅगा घेऊन तो सड्यावर आला.

"बघ, ठरवलं होतं तसंच झालं," पहिल्या संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला. "कोण करतं इतकं पद्धतशीर?"

चहात साखर किती, हे दर्शनाला त्याला विचारावं लागलं होतं.

दोघांना एकमेकांची सवय लागली नाही. तो सकाळी उशिरा उठायचा, वीज गेली की चिडायचा, फवारणीचा वास आला की खिडक्या लावून घ्यायचा. धाकूला छाटणी कशी करावी हे सांगायला गेला, तेव्हा धाकूने मान डोलावली आणि नंतर दर्शनाकडे येऊन विचारलं, "वैनी, आता कोनाचा ऐकायचा?" जेवताना विनोद रहिवासाबद्दल बोलायचा. पहिली दोन-तीन वर्षं इकडे परत आलेल्याला परदेशातल्या मिळकतीवर कशी सूट असते, मग ती कशी जाते, कोणत्या पेन्शनवर कोणत्या देशाचा कर. दर्शना ऐकायची. इतक्या वर्षांनी नवरा घरी आला होता आणि तिच्याशी बोलायला त्याच्याकडे एवढंच होतं. तिच्याकडेही कलमांखेरीज काही नव्हतं, हे तिला कळत होतं. त्याचाच तिला जास्त राग यायचा.

पावसाळा संपता संपता विनोदच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीतून कोल्हापूरला न्यावं लागलं. दोन स्टेंट घातले. आरोग्य विमा नव्हता, कारण या वयात, मधुमेह असताना, नवा विमा द्यायला कोणी तयार झालं नव्हतं. बिल बागेच्या पैशातून भागलं. दर्शना दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होती. त्याने तिचा हात धरला, आणि तिला क्षणभर बरं वाटलं.

"तिकडे हेच फुकट झालं असतं," तो म्हणाला.

तिने हात सोडवून घेतला आणि पाण्याची बाटली भरून आणायला गेली.

घरी आल्यावर तो घाबरून गेला होता. जरा कळ आली की अक्षयाला फोन. पंधरा दिवसांनी त्याने विषय काढला.

"बाग विकूया. वसाहत वाढतेय, भाव चांगला येईल. मी तुला रीतसर बोलावून घेतो. अक्षयाच्या जवळ छोटं घर घेऊ."

"अहो, मी साठीला आले. आत्ता बोलावता?"

"मग कधी बोलवायला हवं होतं?"

दर्शना तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "अक्षया रडत होती तेव्हा," ती म्हणाली.

विनोदने सुस्कारा टाकला. "ते आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं. तू तेव्हा नाही म्हणाली नाहीस."

हे खरं होतं, म्हणूनच तिला झोंबलं. "तेव्हा नाही म्हटलं नाही. आता म्हणते," ती म्हणाली. "बाग विकायची नाही."

दोन महिन्यांनी तो परत गेला. कॅनडाचा नागरिकच तो, त्याला कोण अडवणार? अक्षयाच्या घराच्या तळघरातली खोली त्याला मिळाली, आरोग्य कार्डही पुन्हा मिळालं. विमानतळाकडे निघताना तो दर्शनाला म्हणाला, "काळजी घे." हे तो दरवर्षीच म्हणायचा.

आंब्याचा हंगाम संपला आणि त्याचा फोन आला. आवाज मऊ होता. तिने ओळखलं की काहीतरी मागायचं आहे.

"ऐक ना, सल्लागाराकडे गेलो होतो. इथे उत्पन्न कमी असलेल्या म्हाताऱ्यांना पेन्शनवर आणखी भत्ता मिळतो. पण लग्न झालेलं असलं की बायकोचं उत्पन्नही मोजतात. बागेचं उत्पन्न धरलं की माझा भत्ता जातो."

"मग?"

"कायद्याने वेगळे झालो तर प्रश्न मिटतो. खूप जण करतात. फक्त कागदावर, दर्शना."

दर्शना ओटीवर उभी होती. समोर धाकू गळलेला पाला ओढत होता. तिला हसू आलं.

"कागद सोडला तर आपण एकत्र होतो कुठे?" तिने विचारलं.

"असं काय बोलतेस? व्यवहाराची गोष्ट आहे."

"बरं," ती म्हणाली. "करते."

त्याला इतक्या सहज होकाराची अपेक्षा नव्हती. त्याने दोनदा आभार मानले.

रत्नागिरीत कोर्टाजवळ वेदिका नावाच्या तरुण वकिलीणबाईंचं ऑफिस होतं. दर्शना तिथे गेली. वेदिकाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकी, तुमचं एकत्र राहणं कधी थांबलं?"

"मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा."

"पण मध्ये ते इथे येऊन राहिले ना, वर्षभर?"

"राहिले. त्याला एकत्र राहणं म्हणायचं का, ते तुम्ही सांगा."

"एका छपराखाली असूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील, तर कायदा ते वेगळंच धरतो," वेदिका म्हणाली. "पण मला एक सांगायलाच हवं. नुसता कागदावरचा घटस्फोट असा काही प्रकार नसतो. झाला की झाला. उद्या त्यांनी किंवा तुम्ही म्हटलं की आमचं तसं नव्हतं, तर कोणी ऐकणार नाही."

"मला तसाच हवाय," दर्शना म्हणाली.

बागेवर त्याचा हक्क नाही आणि पेन्शनवर तिचा नाही, असं लिहून झालं. विनोदने एका शब्दाचीही हरकत घेतली नाही. उलट, संबंध जितके कमी दिसतील तितकं बरं, असं त्याचा सल्लागार म्हणाला होता म्हणे. कोर्टातल्या सुनावणीसाठी तो मोबाइलच्या पडद्यावर आला, नवा स्वेटर घालून. न्यायाधीशांनी विचारलं, पुन्हा एकदा विचार करायचा आहे का? विनोद घाईने नाही म्हणाला. दर्शनाने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. तीही नाही म्हणाली.

डिसेंबरात रिक्षा बागेच्या फाटकाशी थांबली. विनोद उतरला, मागून बॅग. त्याने कळवलं होतं, 'नेहमीसारखा येतोय.' दर्शनाने उत्तर पाठवलं नव्हतं. ती फाटकापर्यंत गेली.

"रिक्षा सोडू नका," ती म्हणाली. "मांडवीला चांगलं हॉटेल आहे. मी सांगून ठेवलंय."

त्याला आधी ही थट्टा वाटली. "अगं, काय हे? ते सरकारसाठी होतं."

"तुम्ही केलंत सरकारसाठी. मी नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना माहीत आहे. मी सगळ्यांना सांगितलंय."

विनोदचा चेहरा पडला. तो एकदम म्हातारा दिसायला लागला, शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल झालेला. छातीवर हात ठेवून उभा राहिला. कळ आली होती की सवयीने, ते तिला कळलं नाही. तिने खुर्ची आणली, पाणी दिलं, चहाही दिला. चहा संपेपर्यंत ती समोर उभी राहिली. त्याने घराकडे पाहिलं, कलमांकडे पाहिलं. "सगळं माझ्या पैशाने उभं राहिलंय," तो हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आणि माझ्या आयुष्याने."

तो गेला. तिला वाटलं होतं, आज हलकं वाटेल. वाटलं नाही. फाटकापाशी राहिलेला कप उचलून तिने विसळला, आणि मग कितीतरी वेळ नळ बंद करायचं तिला सुचलं नाही.

संध्याकाळी अक्षयाचा फोन आला.

"आई, तू बाबाला बाहेर काढलं?"

"अक्षया, आमचा घटस्फोट झालाय. तूच म्हणाली होतीस, बाबा म्हणतात तसं कर."

"ते पेपरसाठी होतं! तो आजारी आहे. तू नेहमी असंच करते." तिचा आवाज फाटला. पुढचे शब्द ती शोधत होती, आणि सापडले ते लहान मुलीचेच. "तू मला पण सोडून गेली."

मी गेले नव्हते, मला पाठवलं होतं, असं दर्शनाला ओरडून सांगायचं होतं. पण विमानात ती स्वतःच्या पायांनी चढली होती. दहा वर्षांच्या मुलीने तेवढंच पाहिलं होतं.

"हो बाळा," ती म्हणाली. "गेले."

पलीकडून फोन बंद झाला.

त्यानंतर अक्षयाने फोन केला नाही. दर शनिवारी दर्शनाच करते. बहुतेक वेळा कोणी उचलत नाही. कधी अक्षयाची धाकटी, संस्कृती, उचलते. चार वर्षांची आहे. इंग्रजीत विचारते, कोण आहे? दर्शना सांगते, "आजी." पोरीला तो शब्द कोणी शिकवलेला नाही. ती फोन तिथेच ठेवून खेळायला जाते, आणि दर्शना त्या घरातले आवाज ऐकत बसते, कोणीतरी येऊन तो बंद करेपर्यंत.