ग्वेन कान लावते तेव्हा

रिकामा.

मित्रांनो, मी काचेचा एक जुना फ्लास्क आहे. तुमच्या चहाच्या थर्मासचा थोरला भाऊ. माझ्या दोन भिंतींमध्ये हवासुद्धा नाही. बाहेरची हवा आत घुसायला सतत टपलेली असते. अ‍ॅडलेडच्या एका विद्यापीठात लिंडनर नावाच्या काचकाराने मला घडवले, अंगभर कापडी चिकटपट्टी गुंडाळली आणि भौतिक रसायनशास्त्र शिकणाऱ्या ग्वेन पास्कोच्या हाती दिले.

"ही पट्टी त्याच्यासाठी नाही, पोरी, तुझ्या तोंडासाठी आहे; हा फुटला तर काचा उडतात. आणि आत लाकडी काडीच घालायची. लोखंड नाही. आत ओरखडा पडला की हा कधीही फुटेल."

भरलेला.

ग्वेन मूंटा या तांब्याच्या खाणींच्या गावातल्या खाणकामगारांच्या घरातली. डब्यात रोज पेस्टी, खाणकामगारांची मांस-बटाटा भरलेली करंजी. माझ्यात ती उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओतायची आणि त्याची उकळी शांत होईपर्यंत माझ्या तोंडाशी कान लावून ऐकायची. शेजारच्या टेबलावरचा नील चिडवायचा, "काय म्हणतोय तुझा नवरा?"

"तुझ्यापेक्षा कमी बडबडतो."

तेवढ्या थंडीत वायूचे रेणू धातूला कसे चिकटतात, हे तिने माझ्या साथीने मोजले. त्यावरच ती डॉक्टर झाली, पुढे प्राध्यापक झाली. वर्षातून एकदा टॉर्च लावून, कुठे ओरखडा नाही ना म्हणून ती माझा तळ न्याहाळायची. त्या उजेडात मला सुरक्षित वाटे.

रिकामा.

नवी यंत्रे आली. मी कपाटात गेलो, ती बैठकांमध्ये.

काल विभागप्रमुख नीलने मला बाहेर काढले, नायट्रोजन ओतला आणि किती भरला ते बघायला पोलादी पट्टी आत घातली. तळाशी कर्र झाले. केसाएवढा ओरखडा. बाहेरून चिकटपट्टी, दिसणार कसा?

"ठणठणीत आहे अजून," नील म्हणाला.

भरताना.

आज ग्वेनचे निरोपाचे व्याख्यान आहे, आणि प्रयोग दाखवायला मी तिच्या टेबलावर. पहिल्या रांगेत तिच्या नाती बसल्या आहेत. तिने खिशातून टॉर्च काढला.

"मी तपासलाय गं कालच," नील म्हणाला.

"तू? मग देवच वाली," ती हसली. सभागृह हसले. टॉर्च खिशात परत गेला.

नायट्रोजन तळाला लागला. ओरखडा लांबतो आहे.

मित्रांनो, जुन्या काचेवर माया करा, पण आधी आत उजेड टाका. दुसऱ्याने बघितले असले तरी. मला बोलता येत नाही, फक्त उकळता येते. आज माझा आवाज वेगळा आहे, आणि तो ओळखणारे या सभागृहात एकच माणूस आहे.

ग्वेनच्या कपाळाला आठी पडली. कानाला अडतो म्हणून तिने तोंडावरचा पारदर्शक मुखवटा वर सरकवला.

ती नीट ऐकायला खाली वाकते आहे.